चौथं बूच

बोधचिन्ह हवं असं ठरलं तेव्हा
आम्ही सात जण होतो,
आणि कन्नमवार नगरातल्या बंद पडलेल्या रेशन दुकानात
तीन व्हीलचेअर, अकरा वॉकर,
भोक पडलेली एक पाण्याची गादी,
आणि पाटीवर 'रुग्णसाहित्य' वाचून
कविता घेऊन आलेले एक गृहस्थ.

त्यांना चहा दिला. कविता ऐकल्या.
जाताना ते कुबड्या घेऊन गेले, बायकोसाठी.

घागबाई म्हणाल्या, हात काढा, मदतीचा.
हात नको, निवडणुका तोंडावर आल्यात.
मग कमळ? तेच की.
घड्याळ, मशाल, धनुष्य, इंजिन,
मोमीनचाचा एकेक बोट मुडपत गेले,
सायकल गेली, हत्ती गेला,
अहो, झाडूसुद्धा गेला.
"वस्तू उरल्यात कुठं," ते म्हणाले,
"सगळ्यांवर कुणीतरी शिक्का मारून बसलंय."
पणती सुचली, ती पतपेढीची.
जुळलेले तळवे विमा कंपनीचे.
हृदय म्हणावं तर ते समोरच्या हॉस्पिटलचं,
डिपॉझिट भरल्याशिवाय आत न घेणारं.

शिर्सेकर पेंटर कोपऱ्यात
एका वॉकरवर रेलून उभे.
चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या, टेम्पोंचे नंबर,
आणि आता उजवा हात असा
की कपातला चहा आपोआप बशीत यावा.
ते बोलले काहीच नाहीत.
भिंतीला टेकले, वॉकर उलटा केला.
चार पायांची चार बुचं वर आली.
तीन काळी.
चौथं निळं.

ते निळं मला माहीत होतं.
द्वारकाबाई मोरजकरांचा वॉकर तो,
आमच्या रजिस्टरमधली पहिली नोंद.
चौदाव्या दिवशी भास्कर घेऊन आला, म्हणाला,
ठेवून काय करू, रात्री उठलो की उभा दिसतो.
साखरेनं बाईंचा डावा पाय नेला होता,
डावी चप्पल उरली होती.
वॉकरचं एक बूच झिजून गळालं तेव्हा
बाईंनी विळीवर त्याच चपलेची चकती कापली,
सायकलच्या ट्यूबनं आवळून बसवली
आणि स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आल्या.

पेंटरनी पाटीचा उरलेला रंग मागितला.
तीन बुचांना काळा लावला, चौथ्याला निळा,
वॉकर सरळ करून
जमिनीवर पसरलेल्या कागदावर
दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून, दाबला.
हात थरथरला. ठसा नाही थरथरला.
तीन गोल,
आणि चौथा, पोरानं कड खाल्लेल्या भाकरीसारखा.

छापखान्यातल्या मुलानं कॉम्प्युटरवर तो नीट केला.
चारी सारखे, चारी निळे.
घागबाईंनी रिक्षा करून परत पाठवला.

उद्घाटनाला पाहुणे म्हणाले, चार दिशा.
दुसरे म्हणाले, चार वेद.
वार्ताहरानं चार धर्म लिहून टाकले.
मोमीनचाचा माझ्या कानाशी,
"खांदा द्यायला चौघं मिळतातच हो,
त्याआधीचे हे चार."
हे छापायला हवं होतं. नाही छापलं.

लोक अजूनही वॉकर न्यायला येतात,
खाली वाकून बघतात, म्हणतात
हा नको, याचा एक पाय वेगळाय.
वरचं चिन्ह कुणी बघत नाही.

स्मरणिकेचं काम माझ्याकडे आहे.
'बोधचिन्हाचा अर्थ' या मथळ्याखाली
अर्धं पान मोकळं ठेवलंय,
छापखान्याचे तीन फोन येऊन गेले.
आज रजिस्टर उघडून
त्यातली ओळ तशीच उतरवली:

वॉकर क्रमांक एक. इमारत एकशे अठरा, दुसरा मजला.
शिर्सेकर पेंटर.
परत करण्याची तारीख:
पुढे रेघ.